तिसरा आणि पाचवा सिलिंडर

मी, व्हर्लिन एमॉस स्टॅम्बॉ, वय एकाहत्तर, राहणार कॅटलिन्स बेंड, इंडियाना, धंदा इंजिने नवी करणे आणि लोकांशी भांडणे, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत नाही. डॉक्टरांनी ऑगस्टपर्यंतची मुदत दिली आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, पाजलेले नाही. पाजणारे सगळे माझ्याआधीच गेले. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहितो आहे, पण या खेपेला राग माझा माझ्यावरच आहे, म्हणून हेच खरे धरावे.

व्यवस्थापक म्हणून वकील श्रीमती आयोनी हॅडली यांना नेमतो. मसुदा वाचून त्यांनी अकरा ठिकाणी रेघ मारली आणि समासात लिहिले, "याची कायद्याला गरज नाही." कायद्याला नसेल. मला आहे. त्या अकराही जागा मी पुन्हा जशाच्या तशा लिहिल्या आहेत.

कलम १. घर.

घर कोणाला देऊ नये. ते गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला सरावासाठी जाळायला द्यावे. त्यांना दर वर्षी एखादे जुने घर लागते आणि दर वर्षी ते शोधत फिरतात. स्वयंपाकघराच्या दाराला मी १९७३ साली मारलेल्या लाथेचे भोक आहे, दिवाणखान्याच्या भिंतीत बाटलीचे, न्हाणीघरात डोक्याचे. डोके माझेच होते. माझी बायको आर्लीन या घरातून एकच पेटी घेऊन गेली आणि ॲरिझोनात सुखाने नांदली, असे ऐकतो. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. जाताना ती म्हणाली होती, "मला मारलं नाहीस म्हणून मी थांबावं का? त्या दिवशी तळघरात मी तुझा दंड धरला होता, व्हर्लिन. लोंबकळले होते मी दंडाला. तुला कळलंसुद्धा नाही." ती कोणत्या दिवसाबद्दल बोलत होती ते सहाव्या कलमात येईल. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावावी, शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात.

कलम २. जमीन आणि बँकेतली शिल्लक.

घर जळल्यावर उरणारी जमीन, खात्यात असेल ते आणि इतर कोणाकडे न गेलेले सगळे माझा धाकटा भाऊ डॉयल याची मुलगी कॉर्लिस हिला द्यावे. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तिने ही कागदपत्रे पूर्ण वाचावीत. तिच्या बापाचे काय झाले याची जी गोष्ट तिला सांगितली गेली ती खोटी आहे.

कलम ३. वेंडेल कॉप.

हार्डवेअरच्या दुकानाचा मालक वेंडेल कॉप याला माझ्याकडून एक दात मिळावा. दात त्याचाच आहे. तंबाखूच्या हिरव्या डबीत, कापसात ठेवला आहे.

१९६४ साली त्याने शेव्हरोलेच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी सांगाडा, माझ्याकडून बोअर करून, भोके आतून कातून नेला आणि घरी नेऊन त्याला फोर्डचा निळा रंग दिला. वर गाडीचे बॉनेट उघडून भर मेळ्यात उभा राहिला. मी विचारले, "हे काय आहे?" तो म्हणाला, "बायकोला निळा आवडतो." आता आमच्या भागात माणूस चर्च बदलतो, पक्ष बदलतो, बायकोही बदलतो, पण शेव्हरोलेचा ब्लॉक नारिंगीच असतो. मी त्याला एक ठेवून दिली. त्याने मला मक्याच्या कणसांच्या ढिगात पाडले आणि माझ्या बरगड्यांवर बसला. आम्हाला सोडवायला चौघे लागले, त्यातला एक पाद्री होता आणि सर्वांत जोरात तोच मारत होता. वेंडेल, तुझा रंग एकसारखा बसला होता, एक ओघळ नव्हता. हे मला तेव्हाच म्हणायचे होते.

कलम ४. गॅरेज आणि ब्लॉक.

माझे गॅरेज, त्यातली सर्व हत्यारे, बोअरिंगचे यंत्र, कॉम्प्रेसर, रंग फवारायच्या दोन्ही बंदुका आणि स्टँडवर चढवलेला आठ सिलिंडरांचा ब्लॉक हे सर्व ऑरिन टीग याला द्यावे.

ऑरिन माझा मेहुणा. माझी बहीण लव्हॉन हिचा नवरा, आणि १९५५ पासून सोळा वर्षे माझा भागीदार. पाटीवर "स्टॅम्बॉ आणि टीग" असे होते. ती पाटी त्यानेच रंगवली होती, पट्टी न लावता, नुसत्या हाताने. नंतर त्यातला टीग मी काळ्या रंगाने बुजवला. ऊन पडले की तो अजून खालून दिसतो. यंत्रकाम माझे, धुणे आणि रंग त्याचा, अशी आमची वाटणी होती. त्याच्या हातासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. डाव्या डोळ्यावर तो गेली सत्तावीस वर्षे कातड्याची पट्टी बांधतो, आणि तेव्हापासून त्याने ब्रश धरलेला नाही. एका डोळ्याला अंतर कळत नाही. रेघ ओढायला गेला की ब्रश अर्धा इंच अलीकडेच थांबतो किंवा पलीकडे आपटतो. तो धान्याच्या कोठारात झाडू मारून निवृत्त झाला.

हा ब्लॉक तोच आहे, डॉयलच्या गाडीतला. गेल्या हिवाळ्यात मी ताडपत्री काढली आणि तो पुन्हा उभा केला. बेअरिंगच्या जागा सरळ केल्या, सिलिंडर बोअर केले, तडा कुठे नाही हे दाबाखाली पाणी भरून पाहिले. आता तो उघड्या लोखंडाचा, तेल चोपडून, प्लास्टिकखाली उभा आहे. रंग दिलेला नाही. रंग कोणता द्यायचा हे ऑरिनने ठरवावे.

यावर १९७१ च्या मे महिन्यात आम्ही तीन दिवस भांडलो होतो. मला नारिंगी हवा होता. ऑरिनला फिका करडा.

"नारिंगी मेळ्यात दाखवायला, व्हर्लिन. ही शर्यतीची गाडी आहे. करड्यावर तेलाचा एक थेंब गळला तरी दिसतो, केसाएवढा तडा गेला तरी दिसतो. नारिंगीवर काय दिसतं? नारिंगी!"

मी म्हणालो, "माझ्या गॅरेजातून ब्लॉक प्रेतासारखा करडा होऊन बाहेर जाणार नाही." आणि रंगाचा डबा फेकून मारला. तो त्याच्या खांद्याला लागला, झाकण उडाले, आणि त्या दिवशी करडा काय, नारिंगी काय, दोन्ही फरशीवर मिसळले. डॉयल दारात उभा राहून पोट धरून हसत होता. "भांडा, भांडा. मी तोवर सायकलनं शर्यतीला जातो." शेवटी त्याने ऑरिनची बाजू घेतली. गाडी तो चालवणार होता.

कलम ५. रंग कसा द्यावा.

ऑरिनला हे शिकवण्याची माझी लायकी नाही, पण तो दुसऱ्या कोणाकडून करवून घेईल तर त्या माणसासाठी लिहितो.

ब्लॉक आधी धुवावा. मग पुन्हा धुवावा. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, प्रत्येक भोकात लांब दांड्याचा ब्रश, तेलाच्या प्रत्येक वाटेत दोनदा. हवेने वाळवावा. मग पांढरे फडके फिरवावे. फडके काळे निघाले तर पुन्हा धुवावा. करडे निघाले तरी धुवावा. वाळला की लगेच गंज धरतो, तेव्हा रंगाचे सामान आधीच मांडून ठेवावे. यंत्रावर घासलेल्या प्रत्येक सपाट जागेवर टेप लावावा आणि कडेने पात्याने कापावा. जोडात घालायच्या गॅस्केटखाली रंग राहिला तर ते बसत नाही. प्रायमरचा एक पातळ हात. मग रंगाचे तीन हात, तेही पातळ. पहिल्या हाताखाली लोखंड दिसले तरी घाबरू नये. जो एकाच हातात झाकायला जातो त्याचा रंग ओघळतो.

आणि ब्लॉकला आतून रंग देऊ नये. मी सांगतो म्हणून देऊ नये.

तेव्हा आम्ही सगळे देत होतो. विजेच्या मोटारींच्या गुंडाळीला देतात तो लाल रंग. लोखंड आतून खडबडीत असते, तेल त्याला धरून बसते; लाल रंग दिला की तेल झरझर खाली उतरते आणि पंपाला लवकर मिळते. जे शर्यती जिंकत होते ते सगळे देत होते. तो रंग स्वच्छ लोखंडावर जन्मभर टिकतो. तेलकट लोखंडावर चार शर्यती टिकतो.

आमचा पहिल्याच शर्यतीत सुटला.

कलम ६. जे मी कोर्टात सांगितले नाही.

१२ जून १९७१, जत्रेच्या मैदानातला मातीचा ट्रॅक, एकोणिसावी फेरी. डॉयल दुसरा होता. तिसऱ्या वळणावर इंजिन चालता चालता जखडले, मागची चाके जागच्या जागी थांबली आणि गाडी कठड्यावर चढून चार वेळा उलटली. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या छातीतून पाठीपर्यंत गेला. मी कुंपण ओलांडून पोचलो तेव्हा तो जिवंत होता. तो म्हणाला, "काय झालं तिला?" गाडीला म्हणत होता. मी म्हणालो, "काही नाही." तोवर तो गेला होता. त्याला मीच लहानाचा मोठा केला होता. आमचा बाप गेला तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

दफनाच्या सकाळी मी इंजिन उघडले. तेलाचे चेंबर उतरवले. पंपाची जाळी लाल पापुद्र्यांनी गच्च भरली होती. एक थेंब तेल वर गेले नव्हते. मी जाळी कोटाच्या खिशात घातली आणि नट सोडवायचा दोन फुटी लोखंडी दांडा हातात घेतला.

चर्चच्या तळघरात दफनानंतरचे जेवण मांडले होते. ऑरिन ताटात हॅम आणि बटाटे वाढून घेऊन लव्हॉनकडे चालला होता. ती दोन दिवस जेवली नव्हती. मी जाळी त्याच्या ताटात टाकली.

"हे काय आहे?"

त्याने पाहिले. त्याला लगेच कळले. त्याचा चेहरा पार उतरला. "माझा रंग," तो म्हणाला. "सुटला कसा? मी तीनदा धुतलं होतं, व्हर्लिन. तीनदा..." आणि मग, देवा, तो म्हणाला, "नसेल धुतलं नीट. नसेलच."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर. तिसरा मारायला दांडा वर उचलला आणि मला आठवले.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी ऑरिन ब्लॉक धुऊन, वाळवून, त्यावर चादर घालून घरी गेला होता. मी मागे राहिलो. तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोटाला एक ओरखडा लागत होता. दुसऱ्या दिवशी सांगितले असते तर त्याला सगळे पुन्हा धुवावे लागले असते, एक दिवस गेला असता, आणि त्याने मला सुनावले असते, "यंत्रकाम संपलं म्हणालास ना?" ते मला ऐकून घ्यायचे नव्हते. मी तेल ओतत ओतत घासणीचा दगड फिरवला. तिसरा झाला, मग हात लागलेलाच होता म्हणून पाचवाही केला. तेल सगळीकडे उडाले. मी चिंधीने पुसले. वर पुसले, खाली पुसले, आणि चादर होती तशीच घातली, तिच्या घड्यांसकट. शुक्रवारी सकाळी ऑरिनने चादर काढून आतून लाल रंग दिला. मी विचारले होते, "कसा बसला?" तो म्हणाला होता, "लोण्यासारखा."

हे सगळे दांडा वर असताना मला आठवले. मी तो खाली आणला. शेरीफच्या नोंदीत नऊ फटके आहेत. म्हणजे आठवल्यावर सात. डोळा पाचव्याला गेला. आर्लीन माझ्या दंडाला लोंबकळत होती, ऑरिन खाली पडून म्हणत होता, "मार, माझंच चुकलं, मार," आणि मी मारत होतो, कारण थांबलो असतो तर मला बोलावे लागले असते.

कोर्टातही तो पट्टी बांधून उभा राहिला आणि म्हणाला, चूक माझी होती, याला फार शिक्षा देऊ नका. मला अकरा महिने मिळाले. बाहेर आलो तेव्हा गाव माझ्या बाजूने होते. भावाचे दुःख, म्हणाले लोक. ऑरिनशी कोणी बोलत नव्हते. लव्हॉन त्याच्याशी बोलत होती. त्यानंतर तिने सव्वीस वर्षे ज्या माणसाशी संसार केला त्याने आपल्या भावाला निष्काळजीपणाने मारले असे ती समजत होती, आणि तरी तिने त्याला माफ केले होते. मला नाही केले. ती गेल्या ऑक्टोबरात वारली. मी चर्चच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे ट्रकमध्ये बसून राहिलो.

तेव्हा मी जाहीर करतो की डॉयल स्टॅम्बॉच्या मृत्यूला ऑरिन टीग जबाबदार नाही. त्याने ब्लॉक नीट धुतला होता. मी घाण केला.

कलम ७. फटके.

ऑरिन टीग याला माझ्या प्रेतावर त्याच दांड्याने नऊ फटके मारण्याचा अधिकार देतो. त्या वेळी शवपेटी उघडी ठेवावी.

(हे कलम श्रीमती हॅडली यांनी रद्द करवले. आमचे बोलणे असे झाले. त्या म्हणाल्या, "मिस्टर स्टॅम्बॉ, प्रेतावर असा अधिकार देता येत नाही. आणि तो आला तरी मारणार कोणाला? तुम्ही तर सुटलेले असाल." मी म्हणालो, "मग काय करू?" त्या म्हणाल्या, "त्यांचं घर इथून चार दारं सोडून आहे. कायद्याचा सल्ला नाही देत, पण पाय आहेत ना तुम्हाला?" मला पाय आहेत, पण आता ते चार दारे चालत नाहीत. म्हणून त्यांनी फोन केला.)

पुरवणी. आज, सही करण्यापूर्वी, लिहिलेली.

ऑरिन आज दुपारी गॅरेजमध्ये आला. सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा. मी इथेच खाट टाकून घेतली आहे. श्रीमती हॅडली आणि त्यांच्या कारकून ग्लेंडा फाउस्ट हजर होत्या. मी कागद त्याच्या हातात दिले. कागद डोळ्याजवळ धरून त्याने सगळे वाचले. सहावे कलम दोनदा वाचले.

"कुठले दोन?" त्याने विचारले.

"तिसरा आणि पाचवा."

"चादर तशीच घातलीस."

"तशीच."

"घड्यांसकट."

"हो."

दांडा मी बाकावर काढून ठेवला होता. त्याने तो उचलला. ग्लेंडाबाई किंचाळल्या. श्रीमती हॅडली यांनी त्यांचा हात धरला, माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवल्यावर त्यांना घेऊन मागे सरल्या. ऑरिनने दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर नेला आणि सगळा जीव एकवटून मारला. माझ्या कानाशेजारून वारा गेला. दांडा बाकाला जोडलेल्या लोखंडी शिकंज्यावर आपटला, ठिणग्या उडाल्या आणि तो त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडला. तो चार बोटांनी चुकला होता. त्याला अंतर कळले नाही.

त्याने पुन्हा उचलला नाही. तो उलट्या बादलीवर बसला आणि आपल्या हातांकडे पाहत राहिला.

"लव्हॉनला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "माझं सोड रे. मला सवय झाली. ती रात्री झोपेतून उठायची आणि मला म्हणायची, ऑरिन, तू मुद्दाम नाही केलंस, मला माहिती आहे. सव्वीस वर्षं माझी समजूत घालत राहिली ती. मी धुतलं होतं, हे तिला सांगायचं होतं मला. मलाच माहीत नव्हतं. आठ महिने, व्हर्लिन. आठ महिने आधी बोलला असतास."

मी म्हणालो, मला माफ कर. हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, म्हणून नीट जमले नाही.

मग श्रीमती हॅडली यांनी विचारले की सही आज करायची का. दोन साक्षीदार लागतात. एक ग्लेंडाबाई, दुसरा समोरच्या बँकेतून बोलावू. ऑरिन म्हणाला, "मी करतो."

"तुम्हाला करता येणार नाही, मिस्टर टीग," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराला या कागदाखाली काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर गॅरेज गेलं, हत्यारं गेली, ब्लॉकही गेला. बँकेतून माणूस यायला पाच मिनिटं लागतील."

"काही मिळत नाही?"

"काहीच नाही."

"पेन द्या," ऑरिन म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, मग त्या ब्लॉकला रंग कोण देणार?" तो दाराकडे पाहत म्हणाला, "तू दे. ऑगस्टपर्यंत वेळ आहे तुला. आधी धू."

त्यामुळे कलम ४ मधले सर्व आता कॉर्लिसकडे जाईल. खाडाखोड नको म्हणून ते कलम होते तसेच ठेवले आहे. मला ते त्यालाच द्यायचे होते, हे कोणीतरी वाचावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी वाचला आहे, मला मान्य आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले.

ठिकाण: स्टॅम्बॉ गॅरेज, कॅटलिन्स बेंड, इंडियाना
दिनांक: ९ जून १९९८

(सही) व्हर्लिन एमॉस स्टॅम्बॉ

साक्षीदार:

१. (सही) ग्लेंडा फाउस्ट, कारकून

२. (सही) ऑरिन टीग. सही रेघेच्या खाली गेली आहे, तरी ती माझीच. मी ब्लॉक तीनदा धुतला होता.